आधी गिऱ्हाईक, मग गाव

धारूर, जि. बीड

प्रिय संज्या,

स. न. वि. वि.

पुण्याची नोकरी सोडून तुझ्यासारखा सीताफळाच्या गराचा धंदा करायला गावाकडं आलो तर जमेल का, असं तू फोनवर विचारलंस. त्याचं उत्तर हो-नाहीत देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे दुसरं कारण.

आपल्याकडं ‘पोरगं पुण्याला असतं’ म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नाही. तिथं ते काय करतं, दहा बाय दहाच्या खोलीत कितीजण झोपतात, काही नाही. ‘गावातच असतं’ म्हटलं की मात्र समोरचा चहाचा कप खाली ठेवतो. माझी सोयरीक जमवताना मध्यस्थानं ‘फूड प्रोसेसिंगमध्ये आहे’ असं सांगितलं होतं. सीताफळाचं करतो म्हटलं असतं तर लोक बैठकीतूनच उठले असते!

तुला बालाघाट म्हणजे घाटातली वळणं अन् गाडी लागून होणाऱ्या उलट्या एवढंच आठवत असेल. त्याच उतारांवर, जिथं मुरमात काही पिकत नाही, तिथं सीताफळ येतं. बरीचशी झाडं कोणी लावलेली नाहीत, कोणी पाणी घातलेलं नाही. शेळी पाल्याला तोंड लावत नाही, म्हणून टिकून राहिली. उन्हाळ्यात नुसत्या काड्या दिसतात, पाऊस पडला की पालवी फुटते, अन् दसरा-दिवाळीच्या आसपास फळ.

इथपर्यंत सगळं चांगलं आहे. घोळ पुढं आहे. तोडलेलं फळ दोन-चार दिवसांत मऊ पडतं अन् सगळ्या डोंगराचं एकदमच येतं. बाई पहाटे डोंगर चढून पाटी भरते, डोक्यावर घेऊन सडकेला येते. सकाळी व्यापारी भाव करतो. दुपारी तोच व्यापारी भाव करत नाही, नुसता बसून राहतो. पाटी घरी नेली तर उद्या ती शेळीलाही घालता येणार नाही, हे त्याला ठाऊक असतं. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ‘हे फळ बीडचंच’ असा सरकारी शिक्का. पेपरात फोटो आले, पेढे वाटले गेले. पण सडकेवरच्या पाटीचा भाव काही त्या कागदाकडं बघून ठरत नाही.

हे सगळं आपण लहानपणापासून बघत आलो. मला ते धंदा म्हणून दिसलं ते एका हैदराबादच्या आइस्क्रीमवाल्यामुळं. तो अंबाजोगाईला आला होता अन् गोठवलेला गर कुठं मिळेल म्हणून विचारत फिरत होता. फळ नको म्हणाला, गरच पाहिजे. फळ वाटेत सडतं अन् तिकडं सोलायला माणसं मिळत नाहीत.

आता गराचं सांगतो, कारण तू ‘मशीन घेऊ, फिरवू’ असं काहीतरी म्हणत होतास. आंब्याचा रस तापवून डबाबंद करता येतो. सीताफळाचा तापवला की कडवट होतो, अन् उघडा ठेवला की गुलाबी-काळपट पडतो. म्हणून वाट एकच: फळ पिकलं की लगेच गर काढायचा आणि उणे वीसला गोठवायचा. किलोभर फळातून जेमतेम तीन-चारशे ग्रॅम गर निघतो. सालीला चिकटलेला जो थर असतो तो वाळूसारखा कचकच लागतो. तो खरवडायचा नाही. वजन वाढवायचा मोह नेमका तिथंच होतो, अन् गिऱ्हाईक तुटतं तेही तिथंच. मशीन बिया वेगळ्या करतं खरं, पण बी फुटली तर सगळा घाणा कडू. त्याच बिया म्हाताऱ्या बाया वाटून उवांसाठी लावायच्या अन् डोळ्यात जाऊ नये म्हणून पोरींना पदरानं डोळे झाकायला सांगायच्या, आठवतं? असली चीज आहे ती.

आणि सगळ्यात अवघड काम मशीनचं नाहीच. वरच्या वस्तीवरची एक मावशी आहे. ढिगापुढं बसते, फळ हातात घेते, सालीवरचे डोळे किती उघडलेत ते बघते, अंगठ्यानं हलकं दाबते अन् बाजूला ठेवते. ‘हे आजच. हे सकाळी. हे परवा बघू. अन् हे कच्चंच तोडलंय मेल्यानं, ह्याचा दगड होईल.’ चार ढीग लागतात. मी एकदा तिच्या पाठीमागं ढीग तपासले होते. तिनं वळून बघितलं, ‘मपल्यावर इस्वास नाही का?’ म्हणाली. पुन्हा तपासले नाहीत. हे ज्ञान तुला चाकणमध्ये विकत मिळणार नाही अन् तिला चाकणमध्ये कोणी कामावर घेणार नाही. कुठल्या उताराचं फळ गोड, कोण शब्दाला पक्का, कोण पाटीत खाली कच्चं भरतो, एवढंच माझं भांडवल. बाकीचं बँकेचं.

बँकेचंही सांगतो. २०२० ला केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रियेची योजना आली, प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान. ऐकायला गोड. पण ते कर्जाशी जोडलेलं असतं अन् जमा होतं कर्जखात्यात. म्हणजे आधी कर्ज मंजूर करणारा साहेब भेटला पाहिजे. मला जो पहिला भेटला त्यानं ‘सीताफळ हंगामी आहे’ या एका वाक्यावर फाईल महिनोन्‌महिने दाबून ठेवली. वाक्य खोटं नव्हतं, हेच त्यातलं दुखणं. हंगाम संपला की फ्रीजर लाईटबिल खात उभे राहतात. आता दुसऱ्या महिन्यांत चिंच अन् आंब्याचा रस ठेवतो, म्हणून तरलो. लाईट गेली की जनरेटर, जनरेटर बिघडला की देवाचं नाव.

मोठी उदाहरणं तुला लोक सांगतीलच. जालन्याचे बद्रीनारायण बारवाले भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करतात, १९६४ ला जालन्यातच ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढतात, १९९८ ला जागतिक अन्न पुरस्कार घेतात. खरी गोष्ट आहे, मलाही अभिमान वाटतो. पण लक्षात घे, त्यांचं गिऱ्हाईक जालन्यापुरतं नव्हतं. लातूरचं बघ. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं अशा शहरात तुरीच्या डाळीचा बाजार देशभर नाव कमावून आहे, कारण तूर कोरडवाहू रानातही येते. जागेला जे झेपतं ते केलं की निम्मं काम जागाच करते. (हे ऊस लावणाऱ्या तुझ्या मामांपुढं बोलू नको, भांडण होईल.)

गावात धंदा करायचा तर आणखी एक त्रास धरून चाल. इथं प्रत्येकजण आपलाच. कोणाकडं लग्न निघालं की रबडीसाठी ‘थोडासा’ पल्प जातो. पैसे मागितले तर ‘बापाच्या वेळी असं नव्हतं’. मी आता बोर्ड लावलाय, आज रोख उद्या उधार. चुलत्यानं त्या बोर्डाखाली उभं राहूनच उधार नेलं.

अन् फार काही बदललं असं समजू नको. युनिटवर काम करणाऱ्या बायांपैकी बऱ्याचजणी दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, जावंच लागतं. माझं काम थोड्या आठवड्यांचं, साखर कारखान्याचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. माझ्यामुळं एकही ट्रॅक्टर थांबलेला नाही.

मग तुझं काय? मला विचारशील तर आत्ता नोकरी सोडू नको. फळ माझ्याकडं आहे, मावशी माझ्याकडं आहे. नाही ते पुण्यातलं गिऱ्हाईक. हैदराबादवाला एकटाच असल्यानं तो म्हणेल तो भाव, म्हणजे सडकेवरच्या त्या बाईची जी गत तीच माझी, फक्त मी फ्रीजरजवळ बसून आहे. तू मात्र त्या शहरात इतकी वर्षं काढलीस, कॅन्टीनला माल देणारे, केटरर, दूध डेअरीवाले ओळखतोस. एक हंगाम रविवारी सुट्टी आहे तेवढ्यात नमुने घेऊन फिर. पाच-सहा जणांनी पुन्हा मागवलं तर बसून हिशोब करू, भागीदारीचंही बोलू. नाही मागवलं तर तुझा पगार चालूच आहे.

आणि काकू एकट्या पडल्यात म्हणून यायचं असेल तर काकूंसाठी ये. त्याला धंद्याचं नाव देऊ नको. दोन्हीचा हिशोब एकाच वहीत लिहिलास तर धंदा बसला त्या दिवशी तू त्यांच्यावर चिडशील. मी तुला ओळखतो.

घटस्थापनेच्या आठवड्यात ये, तेव्हा ढीग लागलेले असतात. अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शनही होईल. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालास तर केजला उतर, मी गाडी घेऊन येतो. तेवढ्यात पुणे ते अंबाजोगाई फ्रीजरची गाडी काय भाडं घेते ते विचारून ठेव, परतीच्या फेरीचा दर वेगळा विचार.

तुझा,
दत्ता