बँडची सुपारी श्रावणातच पक्की करा

महोदय,

आषाढी एकादशीनंतर लग्नाचे बहुतेक मुहूर्त थांबतात. तेव्हापासून तुळशीच्या लग्नापर्यंत ब्रास बँड पथकांच्या हाती गणपतीचीच काय ती मोठी सुपारी असते. बरीच मंडळे ती अगदी शेवटच्या आठवड्यात ठरवतात, विसार नावापुरता देतात आणि उरलेली बिदागी विसर्जनानंतर, हिशेब लागेल तशी देतात. मंडळांचा हेतू वाईट नसतो, वर्गणीच उशिरा जमते. पण वाद्ये दुरुस्त करायचे दिवस नेमके त्याआधीचे असतात आणि मिरवणुकीत बँड बेसूर का वाजतो याचे निम्मे उत्तर तिथेच आहे. मंडळांनी निम्मी रक्कम श्रावण लागताच द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

लग्नसराईत ट्रम्पेट आणि युफोनियम (जाड आवाजाचे मोठे पितळी वाद्य) रोज वाजतात, पण आतून धुतले क्वचितच जातात. लाळेचा थर नळीत साचतो, पिस्टन, म्हणजे सूर बदलायला बोटाने दाबायचा दट्ट्या, अडकू लागतो, मग वादक त्यावर हाताशी असेल ते तेल सोडतो. शिलाई मशीनचे तेल दाट पडते. खोबरेल तर सर्वांत वाईट. पारा 24 अंशांच्या खाली गेला की ते थिजू लागते आणि मार्गशीर्षातल्या संध्याकाळी दोन गाण्यांत पिस्टन वर यायचे थांबतात. पिस्टनला पातळ वॉल्व्ह ऑईलच हवे, आणि सरकणाऱ्या नळ्यांना ग्रीस. या दोन्हींचा खर्च फार नाही, पण हंगाम संपलेल्या घरात तोही मागे पडतो.

धुण्याची रीत सोपी आहे. पिस्टन एकेक करून काढावेत आणि क्रमानेच ठेवावेत. त्यांवर 1, 2, 3 असे आकडे कोरलेले असतात. अदलाबदल झाली तर भोके जुळत नाहीत आणि फुंकर आतच अडते. मग सगळ्या नळ्या काढून वाद्य अर्धा तास कोमट पाण्यात साबण घालून ठेवावे आणि लवचिक ब्रश आतून फिरवावा. पाणी कढत नको, लॅकर म्हणजे पितळेवरचा चकाकीचा लेप उडतो. पिस्टनखालचे नमदे चपटे झाले असतील तर बदलावेत, कारण पिस्टन गरजेपेक्षा खाली गेला की भोक पुन्हा चुकते. पाणी काढायच्या चावीखालचा बूच तर हमखास तपासावा. तो केसभर जरी उचललेला असला तरी हवा गळते, सूर धरत नाही आणि वादक बिचारा ओठांना दोष देत राहतो.

सुराची नळी अडकली तर पक्कड लावू नये. तिच्या वळणातून मऊ कापडाची पट्टी घालून सरळ ओढावी, आणि ती नळी ज्या पिस्टनची असेल तो दाबून धरावा, म्हणजे आत पोकळी धरत नाही. तरीही निघाली नाही तर कारागीर गाठावा. चकाकीसाठी चिंच लावायची सवय मात्र सोडावी. सांध्यांत आंबट अंश राहिला की हिरवा गंज धरतो. पितळेवर आतून गुलाबी ठिपके उमटू लागले तर जस्त निघून चालले आहे असे समजावे. ती नळी पॉलिशने वाचत नाही, बदलावीच लागते. पोच कुठे आला आहे हेही बघावे. भोंग्याच्या कडेला आलेला पोच दिसायला वाईट, पण फुंकणीलगतच्या नळीतला लहानसा पोचही सूर बिघडवतो. दुरुस्तीचे पैसे कमी असतील तर आधी तिथे खर्च करावेत.

क्लॅरिनेटची गोष्ट वेगळी. पावसाळी हवेत तिची पॅड, म्हणजे भोके झाकणाऱ्या गाद्या, फुगतात, नीट बसत नाहीत आणि खालचे सूर किंचाळतात. मिरवणुकीआधी चार-पाच रीड (फुंकणीवर बसवायच्या, कंप पावणाऱ्या पातळ पट्ट्या) आलटून पालटून वाजवून तयार ठेवावे लागतात. ऐनवेळी पाकिटातून काढलेला कोरा रीड भरवशाचा नसतो.

वाद्ये नीट असली तरी एक अडचण उरते. हवा तापली की पितळी वाद्यांचा सूर चढतो, गाडीवरच्या कॅशिओचा, म्हणजे विजेवरच्या कीबोर्डचा, सूर मात्र जागचा हलत नाही. त्यात वाद्यांचे मूळ सूरही वेगळे. कीबोर्डच्या काळ्या पट्ट्यांनी सांगायचे तर ट्रम्पेट आणि युफोनियम काळी पाचचे, आल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा. सगळ्यांनी दहा मिनिटे वाजवून वाद्य गरम करावे आणि मगच नळी कमीजास्त ओढून कॅशिओशी सूर जुळवावा. मिरवणुकीला उशीर झाला की मंडळाचे कार्यकर्ते नेमकी हीच दहा मिनिटे कापतात.

ओठांचेही तसेच. सलग अर्धा तास वरच्या सुरात वाजवले की ओठांचे स्नायू थकतात. मग वादक फुंकणी जोराने दाबतो, ओठातले रक्त अडते, ओठ सुजतो आणि वरचा सूर फुटतो. म्हणून ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटने आळीपाळीने चाल वाजवावी, तीन-चार गाण्यांनंतर फक्त ड्रम आणि झांजा चालू ठेवाव्यात. शेजारी डीजेची भिंत असेल तर हे सगळे व्यर्थ आहे. वादकाला स्वतःचा सूरच ऐकू येत नाही, तो जोर लावत जातो आणि पहिल्या तासातच संपतो. पुण्यात प्रभात, दरबार यांसारख्या बँडचे वादन ऐकायला लोक विसर्जनाच्या दिवशी रस्त्याच्या कडेला थांबतात. तसे ऐकायचे असेल तर बँडच्या पुढे-मागे मोकळे अंतर हवे.

आता मंडळांसाठी. सुपारी ठरवताना नुसती डोकी मोजू नका. गणवेश घालून, न वाजणारे वाद्य हातात धरून चालणारी माणसे पथकात असतात, कारण मंडळ पंचवीस जण मागते आणि पैसे पंधरांचे देते. पंधरा खरे वादक घ्या. चार ट्रम्पेट, दोन क्लॅरिनेट, एक सॅक्सोफोन, चार युफोनियम आणि चार जण तालाला, एवढ्यात गल्ली भरून जाते. रात्री दहानंतर वाद्ये वाजवायला कायद्याने बंदी आहे, सरकार ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत देते. तेव्हा सुरू करायची आणि थांबायची वेळ, वाजवणाऱ्यांची संख्या, पाणी आणि जेवण कुणाकडे, पाऊस आला तर काय, हे विसाराच्या पावतीवरच लिहून दोघांनी सही करावी.

— एक ब्रास बँड वादक, सातारा