नदी उघडली

फर्मॉय, काउंटी कॉर्क, आयर्लंड
८ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

नदी उघडते म्हणजे काय, ते त्या दिवशी फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. आमच्या ब्लॅकवॉटर नदीवर सॅमन मासा गरवायची मुभा १ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर एवढीच. उरलेले चार महिने नदी माशांची. १ फेब्रुवारी हा इथे संत ब्रिजिडचा दिवस, जुन्या आयरिश पंचांगातला वसंताचा पहिला दिवस. वसंत म्हणायचं, पण दोरी भिजली की बोटं आखडतात.

नदीचं आयरिश नाव 'मोठी नदी' अशा अर्थाचं आहे. केरीच्या डोंगरात उगवते, सरळ पूर्वेला धावते आणि कॅपाक्विनला एकदम काटकोनात दक्षिणेला वळून यॉलजवळ समुद्राला मिळते. लांबी सुमारे १६८ किलोमीटर. पहिले चार दिवस तिच्यात नुसता गढूळ लोंढा. पुलाजवळच्या बांधावर पाणी असं पसरलं होतं की बांध ओळखूच येईना. शेजारचे आजोबा (वय ७६, सगळा जन्म याच काठावर गेलेला) रोज सकाळी एका ठरावीक दगडाकडे बघून परत फिरायचे. चढत्या पाण्यात मासा गळाकडे बघत नाही, उतरत्या पाण्यात बघतो, हे त्यांचं म्हणणं ऐकून मला तुम्हीच आठवलात. पाचव्या दिवशी दगडाचं डोकं वर आलं, पाण्याला कोऱ्या चहाचा रंग चढला आणि आम्ही निघालो.

थंडीतलं गरवणं वेगळंच असतं, बाबा. पाणी पाच-सहा अंशांवर, त्यामुळे मासा सुस्त. बांध चढायची ताकद त्याच्या अंगात नसते, तो बांधाखालच्या खोल डोहात तळ धरून बसतो. आमिषामागे धावत येत नाही, ते त्याच्या नाकासमोरून हळूहळू न्यावं लागतं. म्हणून बुडणारी दोरी, तिला पितळी नळीवर बांधलेली पिसांची जड, खोटी माशी, आणि प्रत्येक फेकीनंतर प्रवाहाच्या दिशेने दोन पावलं खाली सरकायचं. गंमत अशी की हा मासा गोड्या पाण्यात शिरला की खाणंच सोडतो. मग गळ का धरतो? राग म्हणा, जुनी सवय म्हणा, आजोबांकडेही पक्कं उत्तर नाही.

तिसऱ्या तासाला माझ्या दोरीला ओढ बसली. मासा चंदेरी, हातभर लांब. मला वाटलं, जिंकलो. आजोबा पाण्यात उतरले, त्याला पाण्यातच आडवा धरला आणि दाखवत गेले: डोकं मोठं, पोट खपाटीला गेलेलं, कल्ल्यांना चिकटलेले पांढरे किडे. ही अंडी घालून परत समुद्राकडे निघालेली मादी होती. अशा माशाला इथे केल्ट म्हणतात, आणि तो जिवंत सोडलाच पाहिजे असा कायदा आहे. बाबा, बहुतेक सॅमन अंडी घातल्यावर मरतात. ही वाचली होती. समुद्रापर्यंत पोचली तर पुन्हा एकदा येण्याची आशा. मी तिला प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवलं. हातात आधी काहीच हालचाल नव्हती. मग शेपटीने एक झटका दिला आणि गेली.

काल आजोबांना खरा वसंतातला मासा लागला. दहा पौंडांचा तरी असेल, पाठ निळसर, आणि अंगावर अजून समुद्रातल्या उवा. त्या गोड्या पाण्यात थोड्या दिवसांत गळून पडतात, म्हणजे मासा ताजा वर आलेला. पार ग्रीनलंडच्या बाजूला चरून, दोन हिवाळे समुद्रात काढून आपल्या जन्माच्या नदीत परतलेला. अंडी घालायचा हंगाम नोव्हेंबर-डिसेंबरात. तोवर नऊ-दहा महिने उपाशी राहायचं. आजोबांनी तोही सोडला. लायसन्सबरोबर, घरी न्यायच्या माशाच्या कल्ल्यात अडकवायच्या खुणेच्या पट्ट्या मिळतात, पण वसंतातल्या माशाला ते पट्टी लावत नाहीत. ते म्हणाले, लहानपणी इथे इतके मासे यायचे की मोजायचं कोणाच्या मनात आलं नाही. आता मोजतात. ज्या नदीत पुरेसे परतत नाहीत तिथे पकडून सोडायचे, त्याहून कमी असतील तिथे गळच टाकायचा नाही. समुद्रात सोडायच्या वाहत्या जाळ्यांवर तर २००७ पासून बंदी आहे. कित्येक घरांची ती रोजी होती, त्यांना ते फार जड गेलं.

रात्री झोप लागेना. डोळ्यांपुढे आपली वलगण, पहिल्या पावसातली मासे चढायची वेळ. शेतात चढलेले मळ्ये मासे, कंदिलाच्या उजेडात आपण पागाचं जाळं टाकतोय, आणि आई अंड्यांची गाबोळी वेगळी काढतेय. ते सुख मी विसरलेलो नाही. पण बाबा, ते मासेही अंडी घालायलाच वर येत होते ना? गेल्या जूनमध्ये तुम्हीच म्हणालात, बादलीचा तळसुद्धा झाकला नाही. वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून आपण कुरमुरे टाकतो, गळ टाकत नाही, म्हणूनच तिथे ते एवढे मोठे होतात.

यंदा वलगणीला पहिल्या दोन रात्री पाग खुंटीवरच राहू द्या. वाडीत बोलून बघा. माझं कोणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील.

आईला सांगा, तिने विणलेले लोकरी मोजे बुटांत घालतो, म्हणूनच तीन तास उभा राहू शकलो. उद्या पुन्हा पाऊस सांगितलाय. आजोबांचा दगड बुडेल.

तुमचा,
धाकटा