शाल्मलीच्या इंग्रजी बी.ए.बद्दल

पुणे
८ जून २०२५

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

शाल्मलीला इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. करायचंय, तर तीन वर्षांत नक्की काय काय पुरं करावं लागतं, असं तू विचारलंस. माहितीपुस्तिकेत हे सगळं असतं, पण इतक्या आद्याक्षरांत की आईबाप ते पान उलटून थेट फीच्या पानावर जातात. म्हणून सविस्तर लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो. या पदवीत मुलं शेक्सपिअरपाशी फारशी अडकत नाहीत. अडकतात ती दोन-दोन क्रेडिटच्या बारक्या पेपरांत, ज्यांची चौकशी घरी कोणी करत नाही.

आपल्या वेळची जनरल आणि स्पेशल विषयांची पद्धत डोक्यातून काढून टाक. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात नवा ढाचा आला. हिशेब आता क्रेडिटचा. १५ तास शिकवलं की एक क्रेडिट, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला सत्रात ६० तास, आठवड्याला चार तासिका. एका सत्राची २२ क्रेडिट, सहा सत्रांची १३२. विद्यापीठाला १२० पर्यंत खाली यायची मुभा आहे, त्यामुळे तुमच्याकडचे आकडे दोन-चारने इकडेतिकडे असतील. चौकट मात्र हीच.

या १३२ पैकी इंग्रजीचं, म्हणजे मेजरचं किती? सक्तीचे ४८ आणि मेजरमधले निवडीचे ८, एकूण ५६. निम्म्याहूनही कमी! मायनर म्हणजे जोडविषय १८, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतले विषय १२, व्यावसायिक आणि इतर कौशल्यांचे मिळून १४, भाषांचे ८, पर्यावरण-संविधान छापाच्या मूल्यशिक्षणाचे ४, भारतीय ज्ञानप्रणालीचे २, एनएसएस, खेळ, योग, सांस्कृतिक वगैरेचे ८, फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाचे ६, शेवटच्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंगचे ४. बेरीज करून बघ, १३२ भरतात.

पहिल्या सत्रात तर इंग्रजीचे फक्त ६ आणि बाकीचे १६. एसजीपीए, म्हणजे सत्राची सरासरी, काढताना प्रत्येक पेपरच्या ग्रेडला त्याच्या क्रेडिटने गुणतात आणि बेरजेला २२ ने भागतात. समज, शाल्मलीने इंग्रजीत मन लावून ए प्लस मिळवला, म्हणजे ९ पॉइंट, आणि बाकीच्यांत कसंबसं बी प्लस, म्हणजे ७. तर ५४ आणि ११२ मिळून १६६, भागिले २२, आले ७.५५. शेजारच्या मुलीने इंग्रजीत नुसता ए, म्हणजे ८, आणि बाकीच्यांत ९ मिळवले, तर ४८ आणि १४४ मिळून १९२, भागिले २२, म्हणजे ८.७३. इंग्रजी जिचं चांगलं ती मागे राहिली. पाचव्या-सहाव्या सत्रात हे पारडं फिरतं, तिथे २२ पैकी १४ मेजरचे असतात. पण तोवर सरासरी बरीचशी ठरून गेलेली असते.

आता नापास कुठे होतात ते बघ. प्रत्येक पेपरला अंतर्गत आणि लेखी असे दोन भाग असतात, कुठे ३०-७०, कुठे ४०-६०. बहुतेक ठिकाणी दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात. ७० च्या लेखीत ५५ मिळाले आणि ३० च्या अंतर्गतमध्ये ११, तर एकूण ६६ असूनही पेपर राहिला, कारण तिथे १२ हवे होते. अंतर्गत म्हणजे एक चाचणी, एक असाइनमेंट, कधी सादरीकरण. मूल्यशिक्षणाच्या पेपरचं असाइनमेंट द्यायची तारीख मुलं विसरतात, कारण त्या तासाला वर्ग अर्धा रिकामाच असतो. मग परीक्षेच्या आधी ७५ टक्के हजेरीची यादी लागते आणि पळापळ सुरू होते. पहिल्या वर्षाचं काही राहिलं तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला पेपर नंतर देण्याच्या सवलतीवर, दुसऱ्या वर्षात जाता येतं. तिसऱ्या वर्षाच्या दारात मात्र बहुतेक विद्यापीठं पहिलं वर्ष पूर्ण मोकळं मागतात. योगाचे दोन क्रेडिट राहिले म्हणून टी.वाय.चा, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा, प्रवेश लटकला, असं खरोखर होतं.

विषय निवडताना सगळ्यात जास्त विचार मायनरचा करायचा, आणि तोच कोणी करत नाही. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने घेतात, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो. तुमच्याकडे तसं असेल तर मायनरचा निर्णय प्रवेशाच्या खिडकीवरच झाला म्हणून समज, कारण बाहेरचा विषय पुढे आत येत नाही. मुलींची गर्दी मानसशास्त्राकडे असते. विषय चांगलाच आहे, पण प्रात्यक्षिकांची वेळ इंग्रजीच्या तासांवर येत नाही ना, हे वेळापत्रक मागून बघावं. माझं मत विचारशील तर मराठी. शाल्मलीचं वाचन मराठीत आहे म्हणून नव्हे, कामाच्या हिशेबाने. समीक्षेच्या पेपरात ॲरिस्टॉटलपासून सुरुवात होते आणि बऱ्याच अभ्यासक्रमांत भरताचा रससिद्धांत, आनंदवर्धनाचा ध्वनी, कुंतकाची वक्रोक्तीही असते. मराठीच्या साहित्यविचारात हेच पुन्हा येतं. एका तयारीत दोन पेपर होतात, आणि इंग्रजीच्या वर्गात ज्याला रस म्हणजे काय हे आधीच कळलंय तो पुढच्या बाकावर येतो. शिवाय पुढे बी.एड. करायचं ठरलं तर अध्यापनाचे विषय ठरवताना पदवीला काय होतं ते बघतात. भाषांतराचं काम मिळवायलाही ही जोडी बरी. इतिहास हा दुसरा चांगला पर्याय. एकोणिसाव्या शतकातली कादंबरी शिकताना औद्योगिक क्रांती माहीत असली की निम्मं काम झालेलं असतं.

ओपन इलेक्टिव्ह मात्र दुसऱ्या विद्याशाखेतलं घ्यावं लागतं. कला शाखेच्या मुलीला तिथे राज्यशास्त्र चालत नाही, वाणिज्य किंवा विज्ञानाकडचं काहीतरी हवं. मोठ्या कॉलेजांत यादी लांब असते, पण जागा आधी येईल त्याला. पोर्टल उघडलं त्याच दिवशी भरायचं. उशीर केला की उरलंसुरलं पदरात पडतं, आणि ते दोन क्रेडिट कंटाळा करत काढावे लागतात.

आता मेजरच्या आत काय असतं ते सांगतो. पहिल्या वर्षी काव्य, कथा, नाटक या प्रकारांची ओळख. दुसऱ्या वर्षी भारतीय इंग्रजी साहित्य आणि ब्रिटिश साहित्याचे कालखंड. तिसऱ्या वर्षी समीक्षा, अमेरिकन किंवा उत्तरवसाहतिक साहित्य, भाषाविज्ञान. क्रम विद्यापीठागणिक बदलतो, माल साधारण हाच. निवडीच्या पेपरांत स्त्रियांचं लेखन, अनुवादित दलित साहित्य, सिनेमा आणि साहित्य असलं काही असतं. पुढे नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, मनात असेल तर निवड करताना नेटच्या दहा घटकांची यादी शेजारी ठेवावी: नाटक, कविता, कथा-कादंबरी, ललितेतर गद्य, भाषा, भारतातलं इंग्रजी, सांस्कृतिक अभ्यास, समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरचा सिद्धांतविचार आणि संशोधनपद्धती. कादंबरीचा चौथा पेपर घेण्यापेक्षा यातला न शिवलेला घटक घेणं शहाणपणाचं.

भाषेच्या पेपराची धास्ती असते, आणि गंमत म्हणजे गुण मिळवायला तोच सर्वांत सोपा. उच्चारशास्त्रात प्रमाण ब्रिटिश इंग्रजीचे ४४ ध्वनी शिकवतात, २० स्वर आणि २४ व्यंजनं. प्रत्येकाला चिन्ह. शब्द दिला की त्याचा उच्चार या चिन्हांत लिहायचा आणि आघात, म्हणजे जोर कुठे ते, दाखवायचा. उत्तर बरोबर किंवा चूक, परीक्षकाच्या मर्जीचा प्रश्न नाही. मराठी मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ या दोन शब्दांच्या सुरुवातीचे ध्वनी वेगळे, पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठ नुसते गोल होतात. आपण दोन्हीकडे ‘व’ वर भागवतो. दुसरी चूक आघाताची. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे सिलॅबलवर, ‘फटॉग्रफी’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर, आणि जोर सरकला की स्वरही बदलतात. मराठीत असा जोर अर्थाला लागत नाही, म्हणून कानाला तो आपोआप कळत नाही. उपाय साधा आहे. उच्चार दाखवणारा चांगला शब्दकोश घ्यायचा, रोज दहा शब्द आधी स्वतः चिन्हांत लिहायचे आणि मग कोशाशी ताडून बघायचे. महिन्याभरात हात बसतो. मराठी माध्यमाची मुलं यात इंग्रजी माध्यमाच्या मुलांना सहज मागे टाकतात, कारण ती ‘मला येतंच’ या भ्रमात नसतात.

वाचनाचा अंदाज मात्र आधीच घेऊन ठेवायला हवा. शाल्मलीचं इंग्रजी वाचन सुरुवातीला ताशी १५ पानं धर. ३०० पानांच्या कादंबरीला २० तास लागले. एका सत्रात एक कादंबरी, एक नाटक आणि आठ-दहा कविता असल्या तर हे काम परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात बसत नाही. म्हणून गाइड. गाइडला माझी हरकत नाही, मूळ संहिता वाचल्यावर ते खुशाल वाचावं. पण नुसत्या गाइडवर लिहिलेलं उत्तर ओळखू येतं: कथानक तीन पानं, नाटकातली एकही ओळ नाही, आणि शेवटी ‘अशा रीतीने लेखक थोर आहे’. प्रत्येक संहितेतल्या आठ-दहा ओळी संदर्भासकट पाठ ठेवल्या की उत्तराचा दर्जा लगेच वर जातो.

कौशल्याचे पेपर बरे असतात, मुद्रितशोधन, भाषांतर, माध्यमांसाठी लेखन असे. फील्ड प्रोजेक्टबाबत एवढंच की विषय छोटा घ्यावा. ‘नांदेडचा सांस्कृतिक अभ्यास’ असलं शीर्षक मंजूर होतं आणि पूर्ण होत नाही. ‘एका बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्या: मराठी, इंग्रजी, हिंदी, उर्दू’ हे साठ तासांत नीट होतं. पाट्यांचे फोटो, तक्ता, पाच-सहा दुकानदारांशी परवानगी घेऊन बोलणं, पंधरा पानांचा अहवाल.

ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे १२० तास; इथे शिकवणं नसून काम असतं, म्हणून एका क्रेडिटला ३० तास. वर्तमानपत्राचं कार्यालय, प्रकाशक, शाळा, ग्रंथालय, भाषांतराचं काम, काहीही चालतं, पण विभागाची लेखी मंजुरी आधी घ्यायची. नंतर लेटरहेडवरचं प्रमाणपत्र, तासांची नोंदवही आणि तिथल्या देखरेख करणाऱ्याची सही लागते. मामाच्या दुकानाचं प्रमाणपत्र आणून तोंडी परीक्षेत ‘तिथे तू काय केलंस’ यावर गप्प बसणारी मुलं दरवर्षी असतात. जागा पाचव्या सत्रातच शोधून ठेवावी.

कागदपत्रांत एक काम आजच कर. क्रेडिट जमा व्हायला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं लागतं, ते डिजिलॉकरमधून निघतं, विद्यार्थ्याच्या १२ अंकी अपार ओळखक्रमांकासकट. आधारवरचं नाव आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळलं नाही तर खातं अडतं. आधारवर नाव आधी आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी, किंवा वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून आत्ताच बघून घे. मध्येच शिक्षण थांबलं तर हे क्रेडिट सात वर्षांपर्यंत टिकतात. एक वर्ष करून सर्टिफिकेट, दोन करून डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, त्यासाठी चार जादा क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. पण इंग्रजीच्या नुसत्या सर्टिफिकेटला बाजारात कोण विचारतो? ती वाट अडचणीतली समजायची.

चौथ्या वर्षाचं तू विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतं. तीन वर्षांवर साधी पदवी, चार वर्षं आणि १७६ क्रेडिटवर ऑनर्स. ऑनर्स विथ रिसर्च हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. तीन वर्षांनंतर एम.ए. दोन वर्षांचं, चार वर्षांनंतर एका वर्षाचं, म्हणजे एकूण वर्षं सारखीच. फरक असा की चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली तर एम.ए. न करताही नेटला बसता येतं आणि पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र होता येतं. चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात नसतं. प्रवेश घेतानाच विचार: इंग्रजीचं चौथं वर्ष इथे आहे का, आणि विभागात मार्गदर्शक किती? सुरुवातीला दिलेला ७.५५ चा हिशेब इथे बोचतो. पहिल्या दोन सत्रांत बारक्या पेपरांकडे दुर्लक्ष झालं की ७५ ची रेघ गाठायला पुढे फार धावावं लागतं.

तुमच्याकडच्या दोन्ही कॉलेजांच्या विषययाद्या आणि पहिल्या वर्षाचं वेळापत्रक यांचे फोटो मला पाठव. कार्यालय वेळापत्रक द्यायला कुरकुर करेल, पण सूचनाफलकावर मागच्या वर्षीचं अजून लावलेलं असतं, त्याचा काढ. मायनर त्यावरून ठरवू. शाल्मलीला म्हणावं, निकालाची गडबड संपली असेल तर सुट्टीत एक इंग्रजी कादंबरी घड्याळ लावून वाच आणि तासाला किती पानं होतात ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, काकांच्या तब्येतीचं लिही.

तुझा,
अविनाश