‘मिनी आफ्रिका’ म्हणून रील काढणाऱ्यांनो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

खानापूर, हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी लोकांवरचे रील सध्या परत फिरायला लागलेत. ‘भारतातलं मिनी आफ्रिका’ असलं टायटल टाकायचं, गाडी घेऊन गावात शिरायचं, दारात बसलेल्या म्हातारीच्या तोंडासमोर मोबाईल धरायचा आणि विचारायचं की तुम्ही खरंच इंडियन काय. वर पोरांच्या केसांना हात लावून बघायचं. खालच्या कमेंटी तर पेपरात छापण्यासारख्या नाहीत. अहो, शेकडो वर्षांपासून हे लोक ह्या जंगलपट्ट्यात आहेत, पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांचे वंशज त्यांच्यात बरेच, आणि घरात कोकणी-मराठी मिसळून बोलतात, म्हणजे बेळगावच्या बाजारात तुमच्या शेजारी उभं राहून बोलले तर तुम्हाला सगळं कळेल.

आणि हीच आमची पोरं 2020 च्या जूनमध्ये इन्स्टाला काळा चौकोन टाकत होती की! अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसाने मारल्यावर 2 जूनला जगभर लोकांनी तसा चौकोन टाकला. झालं काय, बऱ्याच जणांनी त्याला #BlackLivesMatter हा हॅशटॅग लावला, आणि त्याच हॅशटॅगखाली मोर्चा कुठं आहे, मदत कुणाकडे मागायची असली कामाची माहिती चालू होती ती चौकोनांच्या गर्दीत बुडाली, शेवटी तिथल्या कार्यकर्त्यांनाच सांगावं लागलं की बाबांनो चौकोनाला हा हॅशटॅग लावू नका.

त्या प्रकरणात खरं काम केलं ते डार्नेला फ्रेझियर नावाच्या 17 वर्षांच्या मुलीने. 25 मे 2020 ला मिनियापोलिसमध्ये ती लहान कझिनला घेऊन दुकानाकडे निघालेली, समोर पोलिसाचा गुडघा माणसाच्या मानेवर, तर ती तिथंच उभी राहून शूट करत राहिली आणि रात्री फेसबुकला टाकलं. म्युझिक नाही, फिल्टर नाही, स्वतःचा चेहरा तर नाहीच. पोलिसांच्या पहिल्या प्रेसनोटमध्ये गुडघ्याचा उल्लेखच नव्हता, झटापटीनंतर त्या माणसाला तब्येतीचा त्रास झाला आणि तो वारला एवढंच होतं. व्हिडिओ नसता तर तेच कागदावर राहिलं असतं. पुढे कोर्टात तो गुडघा 9 मिनिटं 29 सेकंद होता हे दाखवलं गेलं, 2021 मध्ये त्या पोलिसाला साडेबावीस वर्षं शिक्षा झाली आणि त्याच वर्षी फ्रेझियरला पुलित्झर ह्या पत्रकारितेच्या मोठ्या पुरस्काराचा खास सन्मान मिळाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की मोबाईल कुणाच्या बाजूने उभा आहे ते बघा. बसमध्ये, कॉलेजच्या गेटवर कोणी सिद्दी पोराला किंवा पार्लरमध्ये काम करणाऱ्या ईशान्येकडच्या मुलीला रंगावरनं, डोळ्यांवरनं काही बोलला तर बोलणाऱ्याला शूट करा, ज्याला बोललं त्याला नव्हे, आणि त्याला विचारल्याशिवाय अपलोड करू नका. ओरिजिनल फाईल जपून ठेवा, एडिट केलेली पोलिसांसमोर टिकत नाही. कारवारकडचे सिद्दी 2003 पासून अनुसूचित जमातींत (एसटीत) आहेत, आपल्या बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यातल्यांना ते 2020 च्या दुरुस्तीने मिळालं, तेव्हा मुद्दाम चारचौघांत अपमान केला तर ॲट्रॉसिटी लागू शकते. आणि चारचौघांत म्हणजे फक्त चौकात नाही हं, केरळ हायकोर्टाने 2022 मध्ये एका यूट्यूबरच्या केसमध्ये इंटरनेटवरचा अपमानही त्यात धरलाय. कमेंट टाकणाऱ्यांनी हे जरा वाचून घ्यावं.

अजून एक, थोडं कडू लागेल. आपण सीमाभागातले मराठी 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो, आपल्या पोस्टखाली कोणी ‘मग महाराष्ट्रात जा की’ लिहिलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि आपल्यातलाच कोणीतरी सिद्दी पोराच्या व्हिडिओखाली ‘आफ्रिकेला जा’ लिहून हसायची इमोजी टाकतो. हे कसं काय जमतं बुवा?

सिद्दी पोरंपोरी आता स्वतः व्हिडिओ करायलेत, धमामीचा नाच, जंगलातला मध, शेतीची कामं, आणि मधेच शाळेत काय ऐकावं लागलं तेही सांगतात. त्यांना फॉलो करा, त्यांचे शेअर करा, गावात गाडी घेऊन जायची गरज नाही.

आणि संपादक साहेब, तुमच्या पेपरलाही एक विनंती. सिद्दींवर बातमी आली की नाचाचाच फोटो असतो. रविवारच्या पुरवणीत एखाद्या सिद्दी मुलीलाच लिहायला सांगा की, विषय तिचा ती ठरवेल, मानधन मात्र वेळेवर द्या.

कळावे,
एक डिग्री विद्यार्थिनी, खानापूर