शकुंतलेच्या स्टेशनांचं काय करायचं ते आधी गावाला विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात शकुंतला रेल्वेबद्दल, म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या छोट्या गाडीबद्दल, काही आलं की मी इथं अमेरिकेत मिशिगनमध्ये बसून मोबाईलवर ते दोनदा वाचते, कारण मी मूळची दारव्ह्याची आणि मोतीबाग स्टेशनवरूनच आम्ही मामाच्या गावाला जायचो. पत्र जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मागच्या उन्हाळ्यात आई इकडे आली होती तेव्हा तिला डेट्रॉईटचं मिशिगन सेंट्रल स्टेशन दाखवायला नेलं. १९१३ मध्ये सुरू झालेलं स्टेशन, वर १८ मजल्यांचा टॉवर, आणि आत वेटिंग हॉल इतका उंच की आईने वर बघताना डोक्यावरचा पदर धरून ठेवला. सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "एवढं मोठं ठेसन अन् गाडीच येत नाही काय वं?" खरंच येत नाही. शेवटची गाडी जानेवारी १९८८ मध्ये गेली आणि त्यानंतर तीस वर्षं ही इमारत नुसती उभी होती, खिडक्या फुटलेल्या, तळघरात पाणी भरलेलं, दिवे, तांबं, संगमरवर जे निघेल ते लोकांनी काढून नेलेलं. २००९ मध्ये तर इथल्या सिटी कौन्सिलने पाडून टाकायचा ठरावच केला होता, तेव्हा एका साध्या नागरिकाने कोर्टात दावा लावला. शेवटी इमारत काही पडली नाही, २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने ती विकत घेतली, सहा वर्षं काम चाललं आणि जून २०२४ मध्ये ती लोकांसाठी उघडली.

पण मला सांगायचंय ते घड्याळाबद्दल. स्टेशनचं जुनं घड्याळ वीसेक वर्षांपूर्वी गायब झालेलं, कुणी नेलं कुणालाच माहीत नाही. फोर्डने इमारत घेतल्याची बातमी आली आणि थोड्याच दिवसांत इथल्या म्युझियमला एक निनावी फोन आला की घड्याळ परत द्यायचंय. सांगितलेल्या जागी माणसं गेली तर एका जळक्या इमारतीच्या भिंतीला ते टेकवून ठेवलेलं, सामान हलवताना वापरतात तसल्या जाड चादरीत नीट गुंडाळून. कंपनीने कुणाला काही विचारलं नाही, उलट सांगितलं की ज्यांच्याकडे स्टेशनचं काही असेल त्यांनी आणून द्या, आम्ही चौकशी करणार नाही, आणि मग लोक खरंच वस्तू आणून द्यायला लागले. त्या वस्तू पाहून मूळ नक्षी कशी होती ते कळलं. छताला साधारण २९,००० टाइल्स आहेत त्यातल्या १,३०० च बदलाव्या लागल्या. जिथं दगड गेला होता तिथं इंडियानातल्या ज्या खाणीतून तो मुळात आला होता तीच बंद पडलेली खाण शोधून तिथूनच परत आणला. मी त्या भिंतीवरून हात फिरवून बघितला, जुना कुठं संपतो आणि नवा कुठं सुरू होतो ते मला तरी कळलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कायदा. डेट्रॉईटच्या लोकांनी २०१६ मध्ये मतदान करून एक नियम पास करून घेतलाय, की साडेसात कोटी डॉलरच्या वरचा प्रोजेक्ट असेल आणि बिल्डरला सरकारी सवलत किंवा जमीन हवी असेल तर आधी आजूबाजूच्या रहिवाशांच्या नऊ जणांच्या कमिटीसमोर बसायचं. स्टेशनच्या वेळेला पण हे झालं आणि कंपनीने वस्तीतली परवडणारी घरं, तरुणांचं ट्रेनिंग वगैरेसाठी एक कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. सगळं छान झालं असं मी म्हणत नाही, नऊपैकी दोघंच लोकांनी थेट निवडलेले असतात, बाकीचे महापालिकेचे लोक नेमतात, आणि आसपासच्या जुन्या वस्तीला घरभाडं वाढायची भीती होती ती काही उगीच नव्हती. तरी पण बोलणी होताना बसायला खुर्ची तर मिळाली ना, आपल्याकडे तेवढंसुद्धा कुठं मिळतं.

आता आपली शकुंतला घ्या. मुर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला, मिळून १९० किलोमीटरच्या आसपासची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाईन, वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला किलिक निक्सन कंपनीने टाकलेली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं हो तिला. आमच्या वेळी कित्येक स्टेशनांवर तिकीटबाबू नसायचा, गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा आणि म्हातारी बाई धावत येताना दिसली तर गाडी थांबायची. ब्रॉडगेज होणार हे आम्ही कितीतरी वर्षं ऐकतोय. होऊ दे, गाडी हवीच आहे, अचलपूरकडच्या लोकांनी त्यासाठी सत्याग्रह केलाय तो काही हौसेने नाही केला. पण ब्रॉडगेज येईल तेव्हा त्या जुन्या स्टेशनांचं काय? मागच्या वेळी मी गेले तर रुळांमध्ये बाभळी माझ्या खांद्याएवढ्या वाढलेल्या आणि पोरं फलाटावर क्रिकेट खेळत होती. एक दिवस जेसीबी येईल आणि दुपारपर्यंत सगळं सपाट होईल, आणि गावाला पेपरातूनच कळेल.

म्हणून मागणी एवढीच आहे की कुठल्याही स्टेशनला हात लावायच्या आधी तिथं ग्रामसभा किंवा वॉर्डसभा घ्या, प्लॅन मराठीत भिंतीवर लावा, आणि जुने गार्ड, गँगमन, हमाल, कापसाचे अडते यांना बोलवा कारण त्यांना जे माहितीये ते कुठल्याच कागदावर नाही. कुठं वाचनालय होईल, कुठं बचतगटाचं दुकान, कुठं कापसाचं छोटं म्युझियम, ते ज्या त्या गावाने ठरवावं, मी इथून सांगणार नाही.

आणि तुम्हाला एक विनंती. लोकांकडे शकुंतलेचं जे काही असेल, फोटो, कंदील, शिट्टी, पास, ते छापायला आठवड्यातून एक कोपरा द्या, आणि कुणाकडे ते कसं आलं हे विचारू नका. दारव्ह्याच्या घरी आजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत एक पुठ्ठ्याचं जाड तिकीट आहे, मधे भोक पाडलेलं, गुलाबी रंग उडालेला. आईला फोन केलाय, ती शेजारच्या मुलाकडून फोटो काढून तुम्हाला या आठवड्यात पाठवते.

आपली,
एक वाचक
(मूळ दारव्हा, जि. यवतमाळ, सध्या मिशिगन)