सौर कंपनीतील नोकरी आणि छतावरचे न दिसणारे काम

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सौरऊर्जा क्षेत्रातील रोजगाराविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी प्रसिद्ध होणारे लेख मी आवर्जून वाचतो. त्यांत बहुतेक वेळा आकड्यांवर भर असतो आणि ते स्वाभाविकही आहे, कारण आकडे मोठे आहेत. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगभरात १ कोटी ६२ लाख लोक अक्षय ऊर्जेच्या कामांत होते आणि त्यांतील सर्वांत मोठा गट सौर पॅनेलशी निगडित कामे करणाऱ्यांचा होता. मात्र त्या कामांचे स्वरूप कसे असते, कौशल्य कुठे लागते, धोका कुठे असतो आणि पैसा नेमका कशासाठी मिळतो, याबद्दल फारसे वाचायला मिळत नाही. मी एका सौर कंपनीत आधी उभारणीच्या विभागात होतो आणि आता देखभालीच्या विभागात आहे. या नोकरीकडे वळू पाहणाऱ्यांना, तसेच स्वतःच्या छतावर पॅनेल बसवून घेणाऱ्यांनाही उपयोगी पडेल असे काही सांगावे, एवढाच या पत्राचा हेतू आहे.

सौर कंपनी म्हणजे पॅनेल बनवणारी कंपनी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सेल (उन्हापासून वीज करणारे पॅनेलमधील छोटे घटक) आणि पॅनेल तयार करणारे कारखाने तुलनेने थोडे असतात आणि बहुसंख्य कंपन्या पॅनेल, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशा रूपात बदलणारे यंत्र), केबल आणि सांगाडा विकत घेऊन त्यांची जुळणी करून देतात. त्यामुळे तिथे शास्त्रज्ञ क्वचितच भेटतो. भेटतात ते विक्री प्रतिनिधी, आराखडा करणारे अभियंते, खरेदी पाहणारे, वीज वितरण कंपनीकडे कागदपत्रे घेऊन खेटे घालणारे आणि छतावर प्रत्यक्ष काम करणारे फिटर व वायरमन. कागदपत्रांच्या कामाबद्दल एवढेच सांगतो की घरगुती यंत्रणा काही दिवसांत उभी राहते, परवानगीला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागू शकतो, आणि मधल्या काळात ग्राहकाचे फोन घेणाऱ्याकडे चिकाटी सोडून दुसरी कोणतीही पात्रता नसली तरी चालते.

विक्रीचे काम वरवर सोपे दिसते, कारण ऊन फुकट असते हे कोणालाही चटकन पटते. अडचण अशी की पॅनेलवर लिहिलेली क्षमता ठरावीक परिस्थितीत मोजलेली असते: दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस. भर उन्हात सेल ६० अंशांच्या पुढे सहज तापतो आणि २५ अंशांच्या वर चढलेल्या प्रत्येक अंशामागे सिलिकॉन पॅनेलची शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणजे आकाश निरभ्र असूनही दहा ते पंधरा टक्के क्षमता नुसत्या उष्णतेपायी जाते; धूळ, सावली, केबल आणि इन्व्हर्टर यांतील घट वेगळीच. आराखडा करणारा अभियंता हे सगळे हिशोबात धरतो, पण ग्राहकासमोर बसलेल्या प्रतिनिधीचे महिन्याचे उद्दिष्ट अपुरे असले की नेमके हेच बोलायचे राहून जाते. पुढे वर्षभराने, सांगितले होते तितके युनिट का पडत नाहीत, हा प्रश्न देखभाल विभागाकडे येतो आणि तोवर यंत्रणा विकणारा बहुधा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. विक्री करणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना करार झाल्याचे पैसे मिळतात, यंत्रणा नीट चालल्याचे नाही, आणि माणूस ज्याचे पैसे मिळतात तेच काम मन लावून करतो.

माझ्या मते या व्यवसायाचा कणा छतावरचे काम हाच आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. हल्लीच्या एका पॅनेलचे वजन साधारण २० ते ३० किलो असते आणि क्षेत्रफळ दोन चौरस मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक. वजनापेक्षा आकार जास्त त्रास देतो, कारण वारा सुटला की हातातले पॅनेल शिडासारखे माणसाला ओढू लागते. अशा वेळी काम कधी थांबवायचे हे ठरवण्याचा अधिकार छतावर उभ्या असलेल्या माणसाला असला पाहिजे. कार्यालयात बसून वेळापत्रक पाहणाऱ्याला वारा जाणवत नाही. काम उन्हातच करावे लागते, त्याला इलाज नाही, कारण जिथे सावली पडत नाही तीच जागा निवडलेली असते. हार्नेस आणि दोर छताच्या कडेसाठी असतात हे सगळ्यांना ठाऊक असते. पत्र्याच्या छताच्या मधोमध उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे मात्र नवख्या माणसाच्या लक्षात येत नाहीत. वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते ठिसूळ झालेले असतात, धुळीखाली बाकीच्या पत्र्यांसारखेच दिसतात आणि पाय पडला तर माणसाचे वजन पेलू शकत नाहीत.

घरगुती वायरिंग करत आलेल्या वायरमनला इथे एक जुनी सवय सोडावी लागते. मुख्य स्विच पाडला की पुढची वायर हाताळायला हरकत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. पॅनेलला असा स्विच नसतो. उजेड आहे तोवर त्याच्या टोकांवर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, असतोच. पंधरा-वीस पॅनेल ओळीने जोडून एक स्ट्रिंग केली की तो दाब ६०० ते १००० व्होल्टपर्यंत जातो, मोठ्या प्रकल्पांत १५०० व्होल्टपर्यंत, आणि तोही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा. यंत्रणेतला स्विच बंद केल्यावरही पॅनेलपासून स्विचपर्यंतची केबल जिवंतच राहते. शिवाय घरातील विजेचा, सतत दिशा बदलणारा ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे संपर्क तुटताना उडालेली ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीमध्ये तसा वाव नसतो. प्रवाह वाहत असताना दोन केबल जोडणारा कनेक्टर ओढून काढला, तर दोन टोकांमध्ये पेटलेला आर्क (हवेतून वाहणाऱ्या विजेची ज्वाळा) टिकून राहतो आणि धातूसुद्धा वितळवतो.

या कनेक्टरबद्दल वाचकांनी थोडी माहिती ठेवावी, कारण तो दिसायला क्षुल्लक आणि परिणामाने मोठा आहे. केबलचे टोक सोलून, त्याचे तंतू न तुटता, त्यावर धातूची पिन योग्य मापाच्या औजाराने दाबून बसवावी लागते. पकडीने दाबली तरी ती बसल्यासारखी दिसते. वेगवेगळ्या उत्पादकांचे कनेक्टर पुष्कळदा एकमेकांत जातात आणि अडकल्याचा आवाजही येतो. मात्र मापातील व धातूतील सूक्ष्म फरकामुळे त्या सांध्याचा रोध हळूहळू वाढतो, सांधा तापतो आणि काही वर्षांनी प्लास्टिक वितळू लागते. म्हणूनच एकात एक बसणारे दोन्ही कनेक्टर एकाच उत्पादकाचे आणि एकाच प्रकारचे असावेत, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. यंत्रणा सुरू होते त्या दिवशी चांगल्या आणि वाईट सांध्यातून सारखाच प्रवाह वाहतो, मीटर सारखेच चालते, छायाचित्रेही सारखीच येतात. १९५४ साली बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या पहिल्या व्यवहारोपयोगी सिलिकॉन सेलची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती आणि आज बाजारातील पॅनेल २० टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. ही प्रगती प्रयोगशाळेत आणि कारखान्यात झाली. छतावरचा सांधा मात्र अजूनही माणसाच्या हातानेच होतो.

आणि त्या माणसाला पैसे कसे मिळतात? माझ्या पाहण्यात उभारणीचे काम बहुधा उपकंत्राटदाराकडे जाते आणि तिथे हिशोब किलोवॅटवर असतो. जितके पॅनेल लवकर चढतील तितकी कमाई. पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची हमी साधारण २५ वर्षांची दिली जाते, पण ती हमी पॅनेलपुरती असते, सांध्यासाठी नाही. सांधा करणारी तुकडी यंत्रणा सुरू झाल्यावर पुढच्या ठिकाणी निघून जाते आणि काही वर्षांनी तो सांधा तापला, तर तो कोणी केला होता हे सांगणारा कागदही उरलेला नसतो. चांगले काम करणाऱ्या फिटरचे यात दुहेरी नुकसान होते: काळजीपूर्वक काम केल्यामुळे त्याचा वेग कमी पडतो, आणि त्या काळजीची नोंद कुठेच होत नाही.

देखभालीचे काम याच्या उलट, संथ आणि बहुतांशी एकसुरी आहे. पडद्यावर एकेका स्ट्रिंगचा प्रवाह शेजारच्या स्ट्रिंगशी ताडून पाहायचा आणि एखादी मागे पडलेली दिसली की तिथे धूळ आहे, नव्याने वाढलेल्या झाडाची सावली आहे की पॅनेलमधला डायोड (सावलीतल्या भागाला वगळून प्रवाह पुढे नेणारा भाग) गेला आहे, ते शोधायचे. पॅनेल धुण्याचे काम पहाटे किंवा संध्याकाळी करावे लागते, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर काच तडकू शकते. थर्मल (उष्णता दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याची पाहणी मात्र भर दुपारीच, कारण प्रवाह भरपूर वाहत असल्याशिवाय तापणारा सांधा ओळखता येत नाही. मला स्वतःला हे काम आवडते. बिघाडाचा माग काढत एका विशिष्ट सांध्यापर्यंत पोहोचण्यात जे समाधान आहे, ते कार्यालयातील फार थोड्या कामांत असेल. शिवाय उभारणीची नोकरी प्रकल्पासोबत संपते, तर देखभालीची यंत्रणेच्या आयुष्यभर टिकते. म्हणून या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यांनी मुलाखतीत पगाराबरोबरच कंपनीकडे देखभालीचे किती करार आहेत आणि ते किती वर्षांचे आहेत, हेही विचारावे, असे मी सुचवेन.

ग्राहकांनीही पैशांचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी काही कागद मागून घ्यावेत: प्रत्यक्षात झालेल्या जोडणीचा आराखडा, प्रत्येक स्ट्रिंगचा दाब आणि इन्सुलेशन रोध (केबलच्या आवरणातून वीज गळत नाही ना, याचे माप) यांची नोंद, वापरलेल्या कनेक्टरचे नाव व प्रकार, आणि जोडणी करणाऱ्याची सही. कंपन्यांनी वर्षभरानंतर थर्मल पाहणी करून ज्या तुकडीचे सांधे निर्दोष निघतील तिला जादा मोबदला द्यावा. मूळ मजुरीतून रक्कम अडकवून ठेवण्याचा मार्ग मात्र टाळावा, कारण तशी अडकलेली रक्कम फिटरच्या हातात परत येतेच असे नाही. यावर खर्च वाढेल असा आक्षेप घेतला जाईल. घरगुती छताची अशी पाहणी एका दुपारी उरकते, आणि एखादा जळालेला सांधा शोधून, पॅनेल उतरवून, केबल बदलून यंत्रणा पुन्हा सुरू करायला त्याहून कितीतरी अधिक माणसे आणि वेळ लागतो.

आपला,
सौर देखभाल विभागात काम करणारा एक वाचक