कोच इंग्रजांचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'स्टेशनच्या फलकांवरून कोच हा इंग्रजी शब्द काढा, डबा लिहा' अशी मागणी करणारं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. डब्याला माझाही पाठिंबा आहे. डब्यात बसून डबा खायची सोय आणखी कुठल्या भाषेत आहे? पण कोच इंग्रजांच्या घरचा, हे काही खरं नाही.

हंगेरीत, व्हिएन्नाहून बुडा या शहराकडे (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर कोच नावाचं गाव आहे. (उच्चार 'चित्रा'तल्या च-चा, 'चोरा'तल्या नव्हे.) १५व्या शतकात तिथले कारागीर हलक्या, वेगवान घोडागाड्या बांधत. 'कोची सेकेर', म्हणजे कोचची गाडी. पैठणची ती पैठणी, तसंच. पुढे सेकेर गळालं, कोची उरलं. हंगेरियन माणूस आजही मोटारीला कोचीच म्हणतो आणि रेल्वेच्या डब्यालाही! जर्मनांनी तिची कुत्शे केली, फ्रेंचांनी कोश, आणि १६व्या शतकात ती इंग्लंडात पोचली. आपल्याकडे तिचा कोचमन गाडीवान-बागवानांच्या पंगतीत बसून कोचवान झाला.

गेल्या महिन्यात पुणे स्टेशनवर एक मुलगा भेटला. पाठीवर सॅक, हातात चालू घडामोडींचं मासिक. "काका, एस फोर कोच इथंच येतो ना?" म्हटलं, करतोस काय? "कोचिंगला आहे, सदाशिव पेठेत. एमपीएससी." एका दमात दोन कोच! दोन्ही एकच, हे सांगेपर्यंत गाडी लागली आणि तो पळाला. म्हणून इथे सांगतो. १८३०च्या सुमारास ऑक्सफर्डची पोरं खासगी शिकवणीच्या मास्तरांना थट्टेनं कोच म्हणू लागली. आपण नुसतं बसायचं, मास्तर परीक्षेच्या पार नेऊन सोडतो. क्रिकेटचा कोच त्याच्या मागून आला. आमच्या पेठेतल्या गाड्या भाडं आधी घेतात एवढं खरं. मुक्कामाआधीच तिकीट संपतं आणि पुढच्या बॅचचं नवं काढावं लागतं.

जाता जाता, दिवाणखान्यातला कोच मात्र या कुळातला नाही. तो फ्रेंच 'कुशे'वरून, म्हणजे आडवं होण्यावरून आला. हे पत्र मी त्यावरच लिहिलं आहे, शब्दाच्या मूळ अर्थाला धरून.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे